खोटी साक्ष : ख्रिस्ती अध्यापन आणि प्राचीन वाङ्मय

इ. स. ३६२ मध्ये रोमन सम्राट जूलियन याने शिक्षकांविषयी एक आदेश काढला. त्यामागील भूमिका त्याच्या पत्रातून स्पष्ट होते. होमर आणि हेसिअड यांच्या देवांवर ज्यांची श्रद्धा नाही, त्यांनी त्या कवींचे काव्य मुलांना शिकवू नये. मनात एक आणि शिकवण्यात दुसरे, हा अप्रामाणिकपणा होय. पुढल्याच वर्षी जूलियन युद्धात मारला गेला. अम्मिआनस मार्सेलिनस या ख्रिस्ती नसलेल्या इतिहासकारानेही या आदेशाचा निषेध केला. तथापि आदेशातील प्रश्न त्याबरोबर संपला नाही. जे आपण सत्य मानत नाही, ते कोवळ्या वयाच्या विद्यार्थ्यांना प्रामाणिकपणे शिकवता येते काय?

कैसरियाचा बिशप बेसिल याने तरुणांना उद्देशून लिहिलेल्या ग्रीक साहित्यविषयक प्रबंधात या प्रश्नाचे एक उत्तर सापडते. मधमाशी सर्वच फुलांकडे जात नाही आणि जेथे जाते तेथूनही सर्व काही उचलत नाही. गुलाब खुडणारा काटे टाळतो. विद्यार्थ्यानेही तसेच वाचावे. बेसिल बंदी घालीत नाही, ही त्याची उदारता मान्य करावयास हवी. परंतु वेचून घेण्याच्या या सिद्धांतात आशय अभिव्यक्तीपासून, आणि बोध अनुभवापासून, सुटा करता येतो हे गृहीत धरलेले आहे. नौकाभंगानंतर विवस्त्र अवस्थेत राजकन्येसमोर आलेला ओडिसिअस बेसिलला सद्गुणाचे वस्त्र ल्यालेला दिसतो. होमरच्या काव्यात मात्र तेथे भूक आहे, भीती आहे, मैत्रिणी पळून गेल्यावरही उभी राहिलेली एक मुलगी आहे आणि तिचे गुडघे धरावेत की दुरूनच बोलावे याचा चतुर हिशेब आहे. बोध हाती आला. प्रसंग मात्र निसटला.

ऑगस्टीनची साक्ष याहून अधिक गुंतागुंतीची आहे. ‘कन्फेशन्स’च्या पहिल्या भागात तो दोन आठवणी सांगतो. डायडोच्या मरणावर आपण रडलो, स्वतःच्या आत्मिक मरणावर मात्र रडलो नाही, ही एक. दुसरी शाळेतील लेखनाची. ट्रॉयच्या राजाला इटलीपासून रोखता न आलेल्या जूनोचा क्रोध आणि दुःख मुलांनी गद्यात मांडायचे. ज्याच्या भाषणात तो भाव व्यक्तिरेखेला शोभेल असा उतरेल त्याची वाहवा. ऑगस्टीनला ती मिळाली. प्रौढपणी मात्र हा सारा उद्योग त्याला धूर आणि वारा वाटला.

त्याची भीती निराधार नाही. न जगलेल्या भावनेवर टाळ्या मिळवण्याची सवय किशोरवयात जडली, तर शब्द आणि सत्य यांचे नाते सैल होते. परंतु ज्या अभ्यासाला तो व्यर्थ ठरवितो, त्यातच जूलियनच्या प्रश्नाचे उत्तर दडलेले आहे. जूनोचे भाषण लिहिणाऱ्या मुलाला जूनोवर श्रद्धा ठेवावी लागत नाही. तिचे दुःख खोटे पाडण्याची मुभा मात्र त्याला नसते. तिचे म्हणणे तिच्या बाजूने, पूर्ण बळाने मांडावे लागते. शेजाऱ्याविरुद्ध खोटी साक्ष न देण्याची आज्ञा दशाज्ञांत आहे. व्हर्जिल हाही अशा अर्थाने शेजारीच, आणि मृत असल्यामुळे प्रतिवाद करण्यास असमर्थ. त्याच्या काव्यातून सोयीचा बोध तेवढा काढून उरलेले ‘काटे’ म्हणून टाकणे, ही खोट्या साक्षीचीच एक सभ्य रीत होय.

येथे तादात्म्य हे अंतिम साध्य नव्हे. जूनोच्या आवाजात लिहून झाल्यावर विद्यार्थ्याने स्वतःच्या आवाजात तिला उत्तर द्यावे; शिक्षकानेही आपला निर्णय लपवू नये. प्रश्न क्रमाचा आहे. निर्णय आधी आला की कलाकृती केवळ उदाहरण होते. नंतर आला तर तो संवादाचा भाग होतो. ख्रिस्ती दृष्टी अध्यापनाला चाळणी पुरविते असे समजणाऱ्यांनी, ती प्रथम साक्षीची जबाबदारी पुरविते, हे लक्षात घ्यावयास हवे.

जूलियनने प्रामाणिकपणा शिक्षकाच्या श्रद्धेत शोधला. तो शोधावयाचा साक्षीच्या खरेपणात. ‘ज्ञानेश्वरी’ शिकविणारा नास्तिक अध्यापक आणि ती वाचणारा ख्रिस्ती विद्यार्थी यांनाही याच कसोटीला उतरावे लागते.