भजनाला नंबर कसा द्यायचा?

भिवापूर-उमरेडच्या पट्ट्यात दिवाळी सरली की चहाटपरीच्या फळीवर, दुकानाच्या शटरवर आणि आता मोबाइलवरही एक पत्रिका दिसू लागते : भव्य खंजिरी भजन स्पर्धा. पुरुष गट, महिला गट, बाल गट. प्रत्येक बक्षिसापुढे दात्याचे नाव, बहुतेक वेळा दिवंगत आईवडिलांच्या स्मरणार्थ. खाली नियम छापलेले असतात. वेळ किती, कलावंत किती, भजन कोणाचे म्हणायचे. आणि सर्वांत शेवटी ठळक अक्षरांत, ‘परीक्षकांचा निर्णय अंतिम राहील’. जागा म्हणजे देवळाचा सभामंडप किंवा गावातले समाजभवन. खाली सतरंज्या, समोर दोन माइक, बाजूला टेबल-खुर्ची घेऊन बसलेले परीक्षक.

पत्रिकेवरचे ते शेवटचे वाक्य कुस्तीच्या फडात किंवा वक्तृत्वस्पर्धेत कुणाला खटकणार नाही. भजनाच्या बाबतीत मात्र ते खटकायला हवे. भजन ज्याला उद्देशून म्हटले जाते, तो टेबलावर बसलेला नसतो. मग निर्णय अंतिम तो कोणाचा?

हा प्रश्न भिवापुरात विचारायला खास कारण आहे. भौगोलिक मानांकन मिळालेल्या मिरचीसाठी हा तालुका ओळखला जातो, आणि नागपूर जिल्ह्याचे हे टोक चंद्रपूर जिल्ह्याला लागून आहे. चिमूर इथून फार दूर नाही. १९४२ च्या ऑगस्टमध्ये ‘छोडो भारत’ चळवळीत चिमूर पेटले, त्यामागे राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांच्या भजनांचा मोठा वाटा होता असे इंग्रज सरकारला वाटले. त्याच महिन्यात त्यांना अटक झाली. नागपूर आणि रायपूरच्या तुरुंगात त्यांना ठेवले आणि डिसेंबरात सोडले. हातात एक खंजिरी, समोर बसलेले शेतकरी, आणि सरकारला त्याची भीती. त्या भजनांचा सूर किती पक्का होता, याची चौकशी कोणत्याही पोलिस अधिकाऱ्याने केली नसेल. त्याला दिसला तो परिणाम.

महाराजांनी स्वतः भजनाचे मोल याच बाजूने पाहिले. १९०९ मध्ये यावलीला जन्मलेल्या या माणसाने १९३५ मध्ये मोझरीला गुरुकुंज आश्रम उभा केला, १९५५ मध्ये जपानमधल्या विश्वधर्म परिषदेत खंजिरीवर भजन म्हटले. ‘ग्रामगीते’च्या एकेचाळीस अध्यायांत सामुदायिक प्रार्थनेचा एक अध्याय आहे आणि भजनाचा वेगळा. त्या दुसऱ्याचे नाव ‘भजन-प्रभाव’. नावातच कसोटी आली : भजन झाल्यावर गावात काय घडले? कोणी दारू सोडली का, कोणी भांडण मिटवले का, गल्ली झाडली का? अडचण एवढीच की हा प्रभाव सकाळी उठल्यावर दिसतो, फार तर महिन्याने, आणि परीक्षकांना गुण त्या रात्रीच द्यायचे असतात.

म्हणून गुणपत्रिकेवर जे मोजता येते ते येते. सूर, ताल, शब्दोच्चार, सांघिकता, सादरीकरण. कुठे ‘भाव’ असाही एक रकाना. खंजिरीचेच पाहा. डाव्या हातात कडे, उजव्या हाताची बोटे कातड्यावर, आणि कड्यातल्या चकत्यांची किणकिण. एकेकाळी घोरपडीचे कातडे त्यासाठी नावाजलेले होते. वन्यजीव कायद्याने तो विषय संपवला. थंडीच्या दमट रात्री कातडे सैल पडले की ठोका बद्द येतो, मग वादक आपला नंबर येईपर्यंत खंजिरी शेकोटीच्या उबेला धरून बसतो. मांडवात दहा मंडळे असली तर दहाही वादक त्याच शेकोटीभोवती. एवढी काळजी घेतलेला ठोका चांगला पडला आणि कोणी त्याला गुण दिला, तर त्यात अधर्म कोणता?

या बाजूचे वकील मोठे आहेत. वीणा, श्रुती, जाती आणि ताल यांचे मर्म जाणणारा सायास न करता मोक्षमार्गाला लागतो, असे याज्ञवल्क्यस्मृती सांगते. तेराव्या शतकात देवगिरीच्या यादवांच्या आश्रयाला राहून शार्ङ्गदेवाने ‘संगीतरत्नाकर’ लिहिला. त्यात गायकांचे गुण आणि दोष नावांनिशी नोंदवले आहेत. म्हणजे गाण्याची परीक्षा आपल्याकडे परंपरेला परकी नाही. देवाला वाहायचे फूल निवडून घेतो तसा सूरही निवडून घ्यावा, हे म्हणणे बिनतोड आहे. ‘भाव असला की झाले’ या वाक्याआड कितीतरी आळस लपतो, आणि रियाज न करणाऱ्या मंडळाला ते फार सोयीचे पडते.

दुसऱ्या बाजूची शंका मात्र जास्त अवघड आहे. चौथ्या शतकाच्या शेवटी संत ऑगस्टीनने आपल्या ‘कन्फेशन्स’मध्ये कबूल केले की, गायल्या जाणाऱ्या वचनापेक्षा गाणेच आपल्याला अधिक हलवते तेव्हा आपल्या हातून पाप घडते, आणि अशा वेळी गाणारा ऐकूच आला नसता तर बरे असे वाटते. तरीही चर्चमधले गाणे बंद करा, असे तो म्हणू शकला नाही. स्वतः त्याच गाण्याने रडला होता. सूर हा दरवाजा आहे की अडसर, हे त्याला ठरवता आले नाही. स्पर्धेतल्या प्रामाणिक परीक्षकाचीही तीच कोंडी होते. एखाद्या म्हाताऱ्या गायकाचा आवाज फाटतो, तरी मांडवातल्या माना खाली जातात. आता तिथे किती गुण?

पैशाचा मुद्दा लवकर निकालात काढता येतो. तुकोबांनी कीर्तन विकणाऱ्यांची गय केली नाही, आणि वारकरी आजही ती आठवण करून देतात. पण खेड्यातल्या भजनी मंडळाने बक्षीस मिळवले तर ते टेम्पोच्या भाड्यात, पेटीच्या दुरुस्तीत आणि एकरंगी साड्यांत जाते. त्याला धंदा म्हणणे अन्याय आहे.

महिला मंडळांच्या बाबतीत तर स्पर्धेने मोठे काम केले आहे. दिवसभर सातऱ्यावर, म्हणजे मिरची निवडण्याच्या आवारात, मिरचीचे देठ खुडणारी बाई, हातांची आग अजून शमलेली नसताना, संध्याकाळी टेम्पोत बसून शेजारच्या गावी भजन म्हणायला निघते. घरात तिला विचारले जाते, ‘कुठं चालली?’ तर ‘देवळात’ या उत्तरापेक्षा ‘स्पर्धा आहे’ हे उत्तर जास्त चालते. नाव लागलेले असते, मंडळाची अब्रू असते. पेटी शिकलेली, ताल धरणारी, माइकसमोर न अडखळणारी बाई या निमित्ताने गावाला दिसते. ज्यांना स्पर्धा म्हणजे भक्तीचा बाजार वाटतो, त्यांनी आधी या बायांना भजनासाठी घराबाहेर पडायला दुसरे कोणते दार उघडे होते ते सांगावे.

मग बिघडते कुठे? भागवताच्या सातव्या स्कंधात प्रल्हाद भक्तीचे नऊ प्रकार सांगतो. त्यात कीर्तन दुसरे आहे. पहिले आहे श्रवण. ऐकणारा हा भक्तीच्या बाहेरचा माणूस नाही, तो तिच्या आरंभाला बसलेला आहे. आणि भजनात तर ऐकणारा फार वेळ ऐकतच राहत नाही. गायक ओळ टाकतो, मागचे ती उचलतात, आणि दुसऱ्या-तिसऱ्या खेपेला सतरंजीवरचेही म्हणू लागतात. मैफलीतले गाणे आणि भजन यांतला फरक शोधायचा तर तो रागात किंवा शब्दांत सापडणार नाही; तो इथे आहे. स्पर्धेत नेमकी हीच जागा बंद होते. घड्याळ लागलेले असते, घंटा वाजणार असते, म्हणून मंडळ घटवून आणलेले तेवढेच म्हणते. सतरंजीवरचा माणूस मधे म्हणू लागला तर ताल बिघडेल, गुण जातील. तो गप्प बसतो आणि शेवटी टाळ्या वाजवतो. टाळी तीच, ठेक्यात पडायची ती कौतुकाची झाली.

चढाओढ आली की असेच होते, असे मात्र नाही. कोकणातल्या डबलबारी भजनात दोन बुवा समोरासमोर उभे ठाकतात, एकमेकांना कोंडीत पकडतात, आणि गजर सुरू झाला की अख्खे पटांगण त्यात असते. विदर्भातल्या बौद्ध वस्त्यांत भीमजयंतीला कव्वालीचा दुय्यम, म्हणजे दोन गायकांमधला, सामना रंगतो. तिथे प्रसन्न करायला देवच नाही, कारण १४ ऑक्टोबर १९५६ च्या धम्मदीक्षेनंतर त्या समाजाने देवाला आळवणे सोडून दिले. तरी गाणे मनोरंजनापुरते उरत नाही. श्रोता मधेच उठून फर्माईश करतो, ओळ तोंडपाठ म्हणतो, आपल्या पोराला ती ऐकवायला पुढे आणून बसवतो. नागपूरच्या ताजबागेत बाबा ताजुद्दीनांच्या उरुसात कव्वाल एकच मिसरा पुन्हा पुन्हा का घेतो, तर समोर कोणाला तरी तो लागलेला असतो म्हणून. किती वेळ घ्यायचा हे तिथे ऐकणारा ठरवतो.

आता पुन्हा खंजिरीच्या मांडवाकडे. तुकडोजी महाराजांच्या श्रीगुरुदेव सेवा मंडळाच्या सामुदायिक प्रार्थनेत मूर्ती नसते. अधिष्ठान म्हणून आसन मांडलेले असते, त्यावर कोणी बसत नाही, आणि सगळे त्याच्याकडे तोंड करून रांगेत बसतात. जातीचा, धर्माचा, मानापानाचा क्रम त्या रांगेत धरायचा नाही, ही महाराजांची शिस्त. स्पर्धेच्या मांडवातही हे आसन असते, फुले वाहिलेली असतात, उद्घाटनाला दीप लागतो. फक्त पहिले मंडळ बसते तेव्हा त्याचे तोंड परीक्षकांच्या टेबलाकडे होते आणि आसन पाठीशी किंवा कडेला पडते. माइकची वायर, उजेड, फोटो, सगळे त्या दिशेला सोयीचे असते. कोणी मुद्दाम करत नाही.

ते बदलणे अवघडही नाही. टेबल मागे नेता येईल, परीक्षकांना सतरंजीवर गावकऱ्यांत बसवता येईल. ‘भाव’ हा रकाना गुणपत्रिकेतून काढून टाकावा. सुराला आणि तालाला गुण द्यावेत, खुशाल कडक द्यावेत, आणि ज्याचे माप आपल्याकडे नाही त्याला दहापैकी सात देण्याचे धाडस करू नये. प्रत्येक मंडळाला एक भजन बिनगुणाचे, बिनघंटेचे द्यावे, आणि त्यात गावाने मागे म्हणायचे असा नियमच पत्रिकेवर छापावा. रात्र थोडी लांबेल. दहा मंडळांची स्पर्धा बाराला संपायची ती दोनला संपेल, आयोजकांना मंडपवाल्याशी आणि माइकवाल्याशी तेवढे जास्तीचे ठरवून घ्यावे लागेल.