गोचिडाचा जीव, गाईचा जीव

जालना शहरातील गुरू गणेश तपोधाम हे जैनांचे श्रद्धास्थान. तिथली गोशाळाही मराठवाड्यात प्रसिद्ध आहे. जीवदयेपोटी जनावरे सांभाळणाऱ्या कुठल्याही गोशाळेपुढे एक प्रश्न उभा राहतोच. गाय वाचवायची तर तिच्या अंगावरचे गोचीड मारावे लागतात. मग दया कोणावर करायची?

गृहस्थाची ही अडचण जैन विचाराने फार पूर्वी ओळखली. साधूला महाव्रत, म्हणजे संपूर्ण व्रत; श्रावकाला, म्हणजे गृहस्थाला, अणुव्रत, म्हणजे मर्यादित व्रत. हिंसेचे प्रकार चार: संकल्पी, आरंभी (घरकामात होणारी), उद्योगी (व्यवसायात होणारी) आणि विरोधी (स्वसंरक्षणात होणारी). संकल्पी, म्हणजे मारायचेच म्हणून केलेली हिंसा श्रावकाने सोडायची. उरलेल्या तीन जमेल तितक्या कमी करायच्या. जमेल तितक्या म्हणजे किती, हे मात्र ज्याचे त्याला गोठ्यात उभे राहून ठरवावे लागते.

काहीच न करणे हा मार्ग नव्हे. रक्त पिऊन टम्म फुगलेली गोचिडाची मादी खाली पडते, भेगेत शिरते आणि दोन-तीन हजार अंडी घालून मरते. गोचीड तापाने संकरित गाय दगावू शकते. तिला मरू देऊन हात स्वच्छ राहत नाहीत.

पण सरसकट मारणेही योग्य नाही, आणि इथे गोचीड, जंत अशा परोपजीवींच्या संख्येचा अभ्यास कामी येतो. हे जीव कळपात सारखे वाटलेले नसतात. बहुतेक जनावरांवर थोडे असतात आणि मोजक्या जनावरांवर झुंबड असते. 1971 मध्ये क्रॉफ्टन या ब्रिटिश शास्त्रज्ञाने ही विषमता परोपजीवितेचे लक्षणच मानली. 1978 मध्ये अँडरसन आणि मे या शास्त्रज्ञांनी तिचे गणित मांडले: परोपजीवींनी लदलेले जनावर मेले, तर त्याच्यासोबत परोपजीवींचाही मोठा वाटा संपतो.

दक्षिण आफ्रिकेतील मेंढपाळांनी या विषमतेचा उपयोग केला. ते मेंढीच्या पापणीची आतली बाजू बघतात. ती फिकट दिसली, तरच जंताचे औषध देतात. बाकीच्या मेंढ्यांत औषधाला बळी पडणारे जंत टिकून राहतात, त्यामुळे औषधाची धार टिकते. उलट सगळ्या कळपाला वारंवार औषध दिले, की त्याला दाद न देणारे तेवढे उरतात आणि पुढच्या पिढ्या त्यांच्याच होतात. शिवाय आयव्हरमेक्टिनसारख्या औषधाचा अंश शेणात उतरतो आणि शेणकिड्यांच्या अळ्यांना मारतो. त्या किड्यांनी गाईचे काहीच बिघडवलेले नसते.

म्हणजे कमी हिंसा आणि चांगली चिकित्सा या दोन वाटा इथे एकच आहेत. अहिंसेला करुणा लागते, तशी मोजणीही लागते. पशुपालकांनी फवारणीपूर्वी प्रत्येक जनावराच्या कानामागे, मानेखाली, कासेजवळ हात फिरवून पाहावे, कोणावर किती गोचीड आहेत ते लिहून ठेवावे, गोठ्याच्या भेगा बुजवाव्यात आणि औषध कोणाला द्यायचे हे पशुवैद्यकाला ती नोंद दाखवूनच ठरवावे.