एदेनातील झाड आणि दारूचे दुकान

मननासाठी : उत्पत्ती 2:15–17, रोम. 14:13–21

दारूबंदीचा विषय निघाला म्हणजे एक आक्षेप हटकून ऐकू येतो. देवाने एदेन बागेतील ते झाड उपटून टाकले नाही, त्याभोवती कुंपणही घातले नाही. आज्ञा दिली आणि मनुष्यास मोकळे ठेवले. मग सरकारने दुकान का बंद करावे? ज्यास प्यावयाचे नाही त्याने पिऊ नये.

हा आक्षेप हलका नव्हे. बळजबरीने राखलेली शुद्धता देवास हवी असती, तर त्याने ते झाड लावलेच नसते. परंतु त्या झाडाखाली गल्ला मांडून कोणी बसला नव्हता. फळ खाल्ल्याने काही होत नाही, असे सांगावयास जो आला त्यास देवाने शाप दिला. आज मात्र बाटलीमागे सरकारी खजिन्यात कर जमा होतो. कर वाढला की दारू महाग होते व काही जण कमी पितात, हे खरे. पण ज्यास व्यसन जडले तो मुलांच्या ताटातील भाकर कमी करून ती किंमत भरतो, आणि राज्य त्या भाकरीचे वाटेकरी होते.

बंदीनेही सर्व साधत नाही, हे प्रांजळपणे कबूल केले पाहिजे. गडचिरोली जिल्ह्यात लोकचळवळीनंतर 1993 साली दारूबंदी झाली. शेजारच्या चंद्रपुरात ती 2015 साली आली आणि 2021 साली उठविण्यात आली. चोरटी दारू व गुन्हे वाढले, असे कारण सरकारने दिले. कायद्याने दुकानाचे दार लागते, मन पालटत नाही.

तरीही दार लागणे ही लहान गोष्ट आहे काय? पौल खाण्यापिण्याविषयी लिहितो तेव्हा तो बळकटाच्या हक्काकडे नव्हे, तर दुर्बळ भावाच्या पायाकडे पाहतो. आपल्यातील जो कधीच पीत नाही, त्यास वाटेवरचे दुकान दिसतही नाही. ज्याने कालच सोडण्याची शपथ घेतली, त्यास ते रोज संध्याकाळी हाक मारते.

महाराष्ट्रात गावातील निम्म्याहून अधिक स्त्री मतदारांनी आडव्या बाटलीस मत दिले, तर दुकान बंद करविता येते. असे मतदान आपल्या गावी ठरले, तर त्या दिवशी चूल व लेकरे मंडळीतील पुरुषांनी सांभाळावी.