मस्टरवरचा लाल शेरा

नागसेनवनात संध्याकाळी फिरताना ती भेटली. माझी जुनी विद्यार्थिनी, जूनपासून एका शाळेची मुख्याध्यापिका. बाकावर टेकता टेकता म्हणाली, "सर, एका शिक्षिकेच्या नावापुढे मी मस्टरवर लाल शाईनं 'विनापरवानगी गैरहजर' लिहिलं. सगळ्यांसमोर बोललेही. काल तिचा रजेचा अर्ज माझ्याच फायलीत सापडला."

"मग?"

"एकटीला बोलावून माफी मागू, की स्टाफ मीटिंगमध्ये? सगळे म्हणतात, वचक एकदा गेला की परत येत नाही. पण गप्प बसले तर ती खरी मी नव्हे."

"खरी तू कोणती?"

"कुणाला दुखावलं की जिला झोप लागत नाही ती."

समोर मिलिंद महाविद्यालय होतं. 1950 मध्ये बाबासाहेबांनी हे कॉलेज सुरू केलं. त्याला नाव मिळालं यवन राजा मिलिंदाचं, म्हणजे ग्रीक मिनँडरचं, आणि परिसराला त्याच्या प्रश्नांना उत्तरं देणाऱ्या भिक्खू नागसेनाचं. वाद घालणाऱ्या दोघांची नावं शेजारी शेजारी नांदतात, याचं मला आजही अप्रूप वाटतं.

"नागसेनानं राजाला विचारलं होतं," मी म्हणालो, "पंडितासारखं बोलणार की राजासारखं? पंडित चूक कबूल करतो, रागावत नाही. राजा विरोध करणाऱ्याला दंड करतो. आणि 'खरी मी' आत कुठं दडलेली असते, हेही नागसेनाला मान्य नव्हतं. चाकं, आस, दांडी बाजूला काढल्यावर रथ म्हणून वेगळं काय उरतं? रात्री तळमळणारी तू, तशी लाल पेन उचलणारीही तूच."

"मिलिंद हरला तरी सिंहासन त्याचंच होतं, सर. माझी खुर्ची पाच महिन्यांची. त्यात मी बाई. पुरुषानं चूक मान्य केली तर तो दिलदार, मी केली तर कच्ची."

तिचं खरं होतं. कितीतरी स्टाफरूममध्ये हे मी ऐकलं आहे, आणि ऐकून गप्पही बसलो आहे.

"तुला त्रास होईल," मी म्हणालो. "पण तिचा अपमान चारचौघांत झाला ना? माफी बंद दाराआड मिळाली, तर बाकीच्यांच्या लेखी ती गैरहजरच. आणि पुढच्या वेळी तू चुकलीस, तर सांगायला कोण येईल?"

ती बराच वेळ पायाखालची पानं चपलेनं सारत राहिली.

"शेऱ्यावर व्हाइटनर लावू?"

"नको. एक रेघ ओढ, शेजारी दुरुस्ती लिही, तारीख टाकून सही कर. खालचं वाचता आलं पाहिजे."