पाच डॉलरचं खोकं

माझ्याकडे सध्या अठराशेच्या आसपास बेसबॉल कार्डं आहेत. सगळी नऊ कप्प्यांच्या प्लास्टिकच्या पानांत, वर्षवार लावलेली. एकच कार्ड त्यात नाही. ते टेबलाच्या खणात, पासपोर्टखाली असतं. १९५७ सालचं, टॉप्स कंपनीचं, रॉकी कोलाविटो नावाच्या खेळाडूचं. माझ्या संग्रहातलं ते सगळ्यात जुनं कार्ड, आणि ते मी अकरा वर्षांचा असताना आठ वर्षांच्या एका मुलाकडून लाटलेलं आहे.

'लाटलेलं' हा शब्द आत्ताचा. तेव्हा आम्ही त्याला 'ट्रेड' म्हणायचो.

बाबा कंपनीच्या प्रोजेक्टवर तीन वर्षं क्लीव्हलंडला होते, २००५ ते २००८. तिथल्या बेसबॉल टीमचं नाव तेव्हा 'इंडियन्स' होतं. पुण्याहून गेलेल्या आठ वर्षांच्या मुलाला यापेक्षा जास्त काय पाहिजे? ही आपलीच टीम, असं मी बरेच दिवस खरंच समजत होतो. (हे नाव कुणावरून आहे आणि त्यात काय चूक आहे ते खूप नंतर कळलं. २०२२ च्या मोसमापासून ते 'गार्डियन्स' झाले.) शाळेत सगळी पोरं कार्डांच्या मागे. इथे आपण डब्ल्यूडब्ल्यूईची ट्रम्प कार्डं जमवायचो, चिप्सच्या पाकिटातले टॅझो जमवायचो, तसंच. फरक एवढाच की तिथे या कार्डांचे भाव छापणारी मासिकं होती, आणि मी ती लायब्ररीत बसून वाचायचो.

आमच्या बिल्डिंगमधल्या त्या मुलाकडे आजोबांनी दिलेली काही जुनी कार्डं होती. त्याला ती नको होती. त्याला हवा होता ग्रेडी साइझमोर, तेव्हाचा आमचा हिरो. माझ्याकडे साइझमोर तीन होते. मी एक साइझमोर आणि नऊ चकचकीत नवी कार्डं दिली आणि कोलाविटो घेतला. दहाला एक! तो उड्या मारत घरी गेला. भाव मला माहीत होता, त्याला नव्हता. दोन महिन्यांनी आम्ही पुण्याला परत आलो.

साइझमोरचे पुढे गुडघे गेले, पाठ गेली. २०१२ आणि २०१३ अशी दोन वर्षं तो मैदानावर उतरलाच नाही. आज त्याचं कार्ड पाव डॉलरला मिळतं.

शिकायला म्हणून मी परत ओहायोत आलो, नोकरीही इथेच कोलंबसला लागली. कार्डांकडे वळलो ते दोन वर्षांपूर्वी. शैक्षणिक कर्जाचा हप्ता, घरी पाठवायचे पैसे आणि भाडं वजा जाता छंदासाठी मी महिन्याला पंचवीस डॉलर ठरवले. एवढ्यात भरपूर काही येतं. १९८० च्या दशकाच्या शेवटी लोकांना वाटलं, कार्डं म्हणजे सोनं. मुलांच्या कॉलेजची फी यातून निघेल. कंपन्यांनी मग इतकी छापली, इतकी छापली, की त्या काळातली बहुतेक कार्डं आज रद्दीच्या भावात मिळतात. गंमत अशी की जुनी कार्डं महाग झाली ती लोकांनी फेकून दिली म्हणून, आणि ही स्वस्त झाली ती सगळ्यांनी जपून ठेवली म्हणून. मिकी मँटलचं १९५२ सालचं एक कार्ड २०२२ मध्ये १ कोटी २६ लाख डॉलरला गेलं. ते एक जग. कार्ड-शोमध्ये टेबलाखाली ठेवलेली दहा सेंटवाली खोकी, ते दुसरं. मी दुसऱ्या जगातला. तिथे गुडघ्यावर बसून तासभर कार्डं चाळायची, पंधरा-वीस निवडायची आणि दोन डॉलर देऊन निघायचं.

आणि मला त्याचा एक छुपा अभिमान होता. लाखांचे सौदे करणारे ते हावरट, आपण साधे. आपलं प्रेम खेळावर. बजेट लहान आहे म्हणजे हेतू आपोआप स्वच्छ आहे, असं काहीतरी मी गृहीत धरलं होतं.

मग तो गराज सेल आला.

मे महिन्यातला शनिवार. एका घरापुढे टेबलं मांडली होती: कपबश्या, विणायच्या सुया, माशांचे गळ, एक व्हीसीआर. खुर्चीत साधारण ऐंशीच्या बाई. एका बुटांच्या खोक्यावर चिकटवलेलं होतं, 'बेसबॉल कार्डं, ५ डॉलर'. वरचे थर बघून मी जवळजवळ ठेवूनच देणार होतो. १९८९, १९९०, तीच रद्दी. पण तळाशी रबर लावलेली एक गड्डी होती. कडेवरूनच कळलं की कागद वेगळा आहे. १९५९ सालची कार्डं, ज्यांवर खेळाडूचा फोटो एका मोठ्या गोलात असतो आणि बाजूला सपाट रंग. रबर सैल केलं. चौथं कार्ड मँटल. कोपरे झिजून गोल झालेले, मधून एक घडी पडलेली. तरीसुद्धा दोनशे डॉलरच्या वर कुठेही गेलं असतं.

पुढे जे झालं ते मी अनेकदा आठवून पाहिलं आहे. मी गप्प राहिलो, असं नाही. मी बाईंना म्हटलं, "यात काही जुनीपण दिसतायत." त्या म्हणाल्या, "हो का? आमच्या ह्यांची. मला त्यातलं काही कळत नाही. न्या तुम्ही, गराज मोकळं होऊ दे." मी पाच डॉलर दिले.

म्हणजे मी सांगितलं. पण अशा आवाजात सांगितलं की ते ऐकू जाऊ नये. वाक्य खरं होतं. नंतर स्वतःला दाखवता यावी म्हणून घेतलेली ती पावती होती.

गाडीत बसलो आणि आनंद झाला. तो खोटा नव्हता. घबाड सापडल्याचा आनंद निर्मळच वाटतो. संध्याकाळपर्यंत मात्र घशात काहीतरी अडकल्यासारखं झालं. इंजिनिअर माणसाला असं काही झालं की तो वाचायला बसतो.

हा प्रश्न फार जुना निघाला. सिसरोने इ.स.पू. ४४ मध्ये कर्तव्यांवर जे पुस्तक लिहिलं त्यात एक उदाहरण आहे. ऱ्होड्स बेटावर दुष्काळ आहे, धान्याचे भाव आकाशाला भिडलेत. एक व्यापारी अलेक्झांड्रियाहून धान्य घेऊन तिथे पोचतो. मागून आणखी बरीच जहाजं येतायत हे त्याने वाटेत पाहिलंय. त्याने ते सांगावं, की गप्प राहून चढ्या भावाने विकावं? डायोजीनिस नावाचा स्टोइक म्हणतो, मालात खोट असेल तर सांग, बाकी गप्प राहणं म्हणजे लपवणं नव्हे. त्याचाच शिष्य अँटिपेटर म्हणतो, सगळं सांग. समोरचा माणूस आहे, तूही माणूस आहेस. सिसरो शिष्याच्या बाजूने जातो.

तिथे माहिती विकणाऱ्याकडे आहे. माझ्या बाबतीत ती घेणाऱ्याकडे होती, आणि कायदा घेणाऱ्यावर मेहेरबान आहे. युद्ध संपल्याची बातमी आधी कळलेल्या एका माणसाने न्यू ऑर्लिन्समध्ये स्वस्तात तंबाखू उचलला होता. ते प्रकरण अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं. १८१७ साली न्यायालयाने म्हटलं, खरेदीदाराला जे माहीत आहे ते सांगायचं बंधन त्याच्यावर नाही. कार्डांचाच एक खटला १९९० चा, शिकागोजवळचा. एका दुकानात नोलन रायनचं १२०० डॉलरचं कार्ड नवख्या मदतनिसाने चिठ्ठी चुकीची वाचून १२ डॉलरला एका शाळकरी मुलाला विकलं. मालक कोर्टात गेला. निकाल लागायच्या आधीच दोघांनी मिटवलं. कार्डाचा लिलाव करून पैसे दानाला द्यायचे ठरले. मला ही तडजोड पटत नाही. प्रश्नाचं उत्तर देणं नको होतं, म्हणून दोघांनी मिळून प्रश्नच दान करून टाकला.

डायोजीनिसची बाजू अगदीच पोकळ नाही हेही मान्य करतो. कार्ड-शोमधल्या विक्रेत्याच्या दहा सेंटवाल्या खोक्यात मला चांगलं काही सापडलं तर मी गप्प राहतो आणि शांत झोपतो. भाव ओळखणं हा त्याचा धंदा आहे. चुकला तर तो चुकला. उद्या तो मला टोपी घालणारच आहे. आम्ही दोघं पत्ते हातात घेऊन बसलोय. पण त्या बाई पत्ते खेळायला बसलेल्याच नव्हत्या. त्या गराज साफ करत होत्या.

इथे मला आजी आठवली. आमच्याकडे वाड्यात बोहारीण यायची, जुने कपडे घेऊन स्टीलची भांडी द्यायची. आजी तिच्याशी अर्धा-अर्धा तास हुज्जत घालायची. पँटीला गुडघ्यावर भोक आहे की नाही, पातेल्याबरोबर वाटी मिळणार की नाही. दोघींनाही त्यात मजा यायची असं मला वाटतं. एकदा आजीने विरलेला शालू दिला आणि झाकणाचा डबा घेतला. महिन्याभराने कुणीतरी सांगितलं की त्याची जर खऱ्या चांदीची होती, जर वितळवणारे वजनावर पैसे देतात. आजीचा डबा तेवढाच राहिला, पण तिने तो परत कधी वापरला नाही. "सांगायला काय झालं असतं तिला?" एवढंच म्हणायची. पैशाचं दुःख नव्हतं. इतकी वर्षं आपण जिच्याशी बरोबरीने भांडत होतो, ती त्या दिवशी बरोबरीने भांडत नव्हती, हे लागलं होतं.

आमच्या क्षेत्रातल्या माणसाला हे कळायला खरं तर बोहारणीची गरज नाही. पहिल्या नोकरीत मी आनंदाने सही केलेला पगार शेजारच्या खुर्चीवरल्यापेक्षा किती कमी आहे, हे मला आठ महिन्यांनी कळलं. तोपर्यंत मी खूश होतो. तो मुलगाही दहा कार्डं घेऊन खूश होता. दोघंही राजी होते, दोघंही खूश होते, यातून सौदा नीट होता असं सिद्ध होत नाही. एवढंच सिद्ध होतं की एकाला अजून कळलेलं नाही.

आणि माझं ते 'साधं' बजेट? पैसे कमी असले की त्यांच्या जागी माहिती चालवावी लागते. पंचवीस डॉलरमध्ये मजा येते ती मला कडेवरून कागद ओळखता येतो म्हणून. माझ्या स्वस्ताईतला काही भाग मेहनतीचा आहे, काही भाग कुणाच्या तरी न कळण्याचा. करोडोंचा लिलाव करणारा किमान अशा माणसासमोर बसलेला असतो ज्याला आकडा माहीत आहे.

मंगळवारी संध्याकाळी मँटल घेऊन मी परत गेलो. खरं सांगायचं तर मनात तयारी करून गेलो होतो: बाई म्हणतील, किती चांगला मुलगा, राहू दे तुलाच. दार त्यांच्या मुलीने उघडलं. मी समजावून सांगितलं. तिने कार्डाकडे पाहिलं, मग माझ्याकडे, आणि विचारलं, "आणि अजून काय काय नेलंत?" मी गाडीतून अख्खं खोकं आणून दिलं. तिने माझे पाच डॉलर परत केले. मागे बाई उभ्या होत्या. माझ्यामुळे त्यांना मुलीपुढे वेडं ठरावं लागलं, हे त्यांच्या तोंडावर दिसत होतं. शनिवारीच मोठ्या आवाजात सांगितलं असतं तर ते टळलं असतं.

त्या आठवड्यात मी जेफरसन बर्डिकबद्दल वाचत होतो. हा माणूस सिरॅक्यूजमधल्या कारखान्यात विजेच्या सामानाची जोडणी करायचा. संधिवाताने हात गेलेले, पैसे बेताचे. तरी त्याने तीन लाखांहून जास्त छापील कार्डं आणि तसले कागद जमवले, आणि सगळे न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन म्युझियमला देऊन टाकले. अनेक वर्षं तिथे बसून त्याने ते स्वतः अल्बममध्ये चिकटवले. गोंदाने! आजचा कुठलाही संग्राहक हे वाचून कळवळेल. गोंद लागलं की कार्डाचा भाव मातीत. काम १९६३ च्या जानेवारीत संपलं, मार्चमध्ये तो गेला. पण मला अडकवलं ते दुसऱ्याच गोष्टीने. त्याने अमेरिकेतल्या कार्डांची सूची बनवली, क्रमांक दिले, आणि पुढे भावही छापले. म्हणजे ज्या माहितीवर त्याला स्वतःला स्वस्तात मिळत राहिलं असतं, तीच त्याने विकत घेईल त्याच्या हातात ठेवली. 'टी२०६' वगैरे नावं आजही त्याच्याच सूचीतली आहेत.

त्या मुलाला मी शोधलं. पहिलं नाव आणि फ्लॅटचा नंबर, एवढ्यावर कुणी सापडत नाही. तो आता पंचविशीत असेल. कदाचित त्याला काहीच आठवत नसेल. कदाचित आजोबांनी एकदा विचारलं असेल, ते कार्ड कुठे आहे रे.

क्लीव्हलंडची माणसं अजून एका ट्रेडबद्दल बोलतात. १७ एप्रिल १९६०, मोसम सुरू व्हायच्या दोन दिवस आधी, कोलाविटोला डेट्रॉइटला देऊन टाकलं आणि बदल्यात हार्वी कीनला आणलं. आदल्या वर्षी कोलाविटो होमरनमध्ये संयुक्त पहिला होता आणि कीन बॅटिंग सरासरीत पहिला, म्हणजे कागदावर सौदा बरोबरीचा होता. लोकांनी तो कधीच माफ केला नाही. क्लीव्हलंड वर्ल्ड सिरीज जिंकत नाही ते कोलाविटोच्या शापामुळे, असं म्हणतात. बिचाऱ्या कीनने तर ट्रेड केलासुद्धा नव्हता.

मागच्या महिन्यात कोलंबसच्या शोमध्ये एका टेबलावर कीनचं १९५९ चं कार्ड दिसलं, तीन डॉलर. विक्रेता म्हातारा, क्लीव्हलंडचीच टोपी घातलेला. "हार्वी कीन?" तो म्हणाला. "याला कुणी विचारत नाही. अडीच द्या."

मी तीनच दिले. कार्ड पासपोर्टखाली ठेवलंय, कोलाविटोच्या शेजारी.