मुठीतला एक सेकंद

डोळे मिटा आणि समजा की उजव्या मुठीत रबरी बल्ब आहे. त्यातून निघालेली बारीक नळी लाकडी कॅमेऱ्यापर्यंत, लेन्समागच्या शटरपर्यंत गेली आहे. हे पॅकार्ड शटर, अमेरिकेतल्या मिशिगन राज्यात कॅलमाझूला बनलेलं. लेन्स जुनी, पितळी. तिला स्वतःचं शटर नाही. पूर्वी अशा लेन्सचं झाकण हाताने काढायचं, मनात आकडे मोजायचे आणि झाकण परत लावायचं.

अजून दाबू नका. आधी श्वासाकडे लक्ष द्या.

समोर एक माणूस बसला आहे. मघाशी काळ्या कापडाखाली, दुधी काचेवर तो उलटा दिसत होता. आता काचेच्या जागी होल्डरमधली 8 बाय 10 इंचांची फिल्म आली आहे आणि होल्डरची प्रकाश अडवणारी पट्टी काढून ठेवली आहे. म्हणजे कॅमेऱ्यातून काहीच दिसत नाही. मला हाच क्षण सगळ्यात मोलाचा वाटतो. कॅमेऱ्याच्या बाजूला उभं राहायचं आणि माणसाकडे सरळ, आपल्याच डोळ्यांनी बघायचं. त्याची पापणी, खांदा, ओठांचा ताण निवळतोय का ते बघा. घाई नाही.

आता मूठ हळूहळू आवळा. बल्बमधली हवा नळीतून जाते, शटरच्या छोट्या सिलिंडरमधला दट्ट्या सरकवते, पाती उघडतात. नळी मऊ आहे, म्हणून हाताची थरथर कॅमेऱ्यापर्यंत पोचत नाही. पोचते ती फक्त हवा. मूठ आवळलेली आहे तोवर प्रकाश आत येतो आहे. एक सेकंद. समोरचा माणूसही हा सेकंद तुमच्याबरोबर धरून बसला आहे.

आणि सोडा. बंद करण्यासाठी वेगळं काही करावं लागत नाही. रबर आपणहून फुगतं, हवा मागे ओढतं, दट्ट्या परततो, पाती मिटतात. रबराला भेग असेल तर मात्र हे परतणं अर्धवट राहतं, म्हणून बल्ब आणि नळी आधी कानाशी धरून तपासायची. काही पॅकार्डमध्ये एक पिन असते. ती बसवली की एकाच दाबात शटर सुमारे 1/25 सेकंद उघडून मिटतं. आज ती पिन नको. आज वेळ हातानेच मोजू या.

होल्डरची पट्टी परत आत सरकवा, होल्डर उलटा करून लावा. दुसऱ्या बाजूला कोरी फिल्म आहे. समोरच्याला विचारा, आणखी एकदा बसाल का?