वाढपी आणि पंगत

वाढपी ओळखीचा असला की पंगतीच्या टोकाला बसले तरी उपाशी राहावे लागत नाही, असे आपल्याकडे गमतीने म्हणतात. या गमतीत एक कडू सत्य दडलेले आहे. ज्याच्या हाती पळी आहे तो सर्वांना सारखे वाढील यावर आपला फारसा विश्वास नसतो. मग टोकाला बराच वेळ ताटकळलेल्या माणसाच्याच हाती एके दिवशी पळी आली, तर त्याने काय करावे? आपल्यासारख्यांकडे आधी वळावे, की कोण कोठे बसले आहे याकडे न पाहता वाढीत जावे? पहिल्या मार्गाला लोक पक्षपात म्हणतील आणि दुसऱ्याला निःपक्षपात. पण दुसरा मार्ग खरोखरच न्यायाचा आहे काय? या प्रश्नाचा विचार आम्ही येथे एका लेखिकेच्या वाटचालीच्या आधाराने करू इच्छितो.

बर्नार्डिन एव्हरिस्टो यांचा जन्म १९५९ साली लंडनमध्ये झाला. वडील नायजेरियातून आलेले वेल्डर, आई गोरी इंग्रज शिक्षिका. आठ भावंडांचे हे घर कॅथलिक वळणाचे होते, जरी बर्नार्डिन पुढे चर्चपासून दूर गेल्या. काळ्या बापाचे कुटुंब शेजारात नको म्हणून घराच्या खिडक्यांवर दगड पडत. अशा घरातील ही मुलगी रोझ ब्रुफर्ड महाविद्यालयात नाट्यशिक्षण घेऊन १९८२ साली बाहेर पडली, तेव्हा व्यावसायिक रंगभूमीवर काळ्या तरुणींसाठी भूमिका जवळजवळ नव्हत्याच. कोणी भूमिका देईल म्हणून वाट पाहण्यापेक्षा नाटकच आपण लिहावे, असे तिने व तिच्या दोन मैत्रिणींनी ठरविले. पॉलेट रँडल आणि पॅट्रिशिया हिलेअर यांच्यासह तिने 'थिएटर ऑफ ब्लॅक विमेन' ही संस्था उभारली. मुख्य प्रवाहापासून दूर, लहान जागांमध्ये, तुटपुंज्या अनुदानावर हे प्रयोग होत. ही संस्था केवळ स्वतःपुरती राहिली नाही हे येथे नोंदविले पाहिजे. जॅकी के या तरुण कवयित्रीचे 'किआरोस्क्युरो' हे नाटक १९८६ साली याच संस्थेने रंगमंचावर आणले. पुढे जॅकी के स्कॉटलंडच्या राष्ट्रकवी झाल्या. १९८८ साली अनुदान थांबले आणि संस्था बंद पडली.

नाटक दहा जणांच्या हातांनी उभे राहते, कविता एकटीने लिहिता येते. एव्हरिस्टो कवितेकडे वळल्या. १९९४ साली त्यांचा पहिला संग्रह निघाला. १९९७ साली 'लारा' ही पद्यकादंबरी आली. तिच्यात त्यांनी आपल्या घराण्याच्या अनेक पिढ्यांची कथा गुंफली. २००१ साली 'द एम्परर्स बेब' प्रसिद्ध झाली. रोमन काळातील लंडनमध्ये वाढणारी एक सुदानी मुलगी तिची नायिका आहे. रंगमंचावरचा संवाद त्यांच्या पद्यात शेवटपर्यंत ऐकू येत राहिला.

इथपर्यंतची कथा एका जिद्दी लेखिकेची आहे. आमचा प्रश्न यापुढे सुरू होतो. १९९५ साली त्यांनी रूथ बोर्थविक यांच्यासह लंडनमध्ये 'स्प्रेड द वर्ड' ही लेखकांना हात देणारी संस्था काढली होती. त्यांच्याच पाठपुराव्यातून पुढे २००५ च्या सुमारास 'फ्री व्हर्स' नावाची पाहणी झाली. ब्रिटनमधील प्रमुख प्रकाशनसंस्था जे काव्यसंग्रह काढीत, त्यांत काळ्या व आशियाई वंशाच्या कवींचे संग्रह शेकडा एकही भरत नव्हते. तेव्हा २००७ साली 'द कम्प्लीट वर्क्स' ही योजना एव्हरिस्टो यांनी सुरू केली. अर्ज मागवून दहा कवी निवडले गेले, प्रत्येकाला एका अनुभवी कवीचे मार्गदर्शन मिळाले. २०१० साली त्यांच्या कवितांचे संकलन 'टेन' या नावाने ब्लडॅक्स या प्रकाशनसंस्थेने काढले. संपादक होते एव्हरिस्टो आणि दलजित नागरा.

यावर पहिला आक्षेप येतो तो गुणवत्तेचा. कविता चांगली की वाईट एवढेच संपादकाने पाहावे, कवीचा रंग पाहण्याचे कारण काय? हा आक्षेप आम्ही हलका मानीत नाही. गुणवत्तेचा आग्रह सुटला तर संकलन हे दानपेटी होऊन बसते, आणि दयेपोटी छापलेली कविता कवीचाच अपमान करते. परंतु तराजू कितीही खरा असला तरी तो पारड्यात ठेवलेल्या वस्तूचेच वजन करतो. जे हस्तलिखित संपादकाच्या मेजापर्यंत पोहोचलेच नाही, त्याच्याविषयी तराजू काही सांगू शकत नाही. शेकड्यात एकही नाही, या आकड्याचे दोनच अर्थ संभवतात. एक तर या समाजांना कविता लिहिता येत नसावी, किंवा त्यांच्या कवितेचे वजन कोणी केलेच नसावे. पहिला अर्थ स्वीकारायला कोणताही विचारी माणूस धजणार नाही. मग दुसरा स्वीकारणे भाग आहे. आणि तो स्वीकारला की 'आम्ही रंग पाहत नाही' असे म्हणणाऱ्या वाढप्याला विचारावे लागते, की बाबा, तू पंगतीच्या टोकापर्यंत कधी गेला होतास काय?

पुढे जे घडले ते बोलके आहे. पहिल्या दहांतील रॉजर रॉबिन्सन यांना २०१९ चा टी. एस. एलियट पुरस्कार मिळाला. दुसऱ्या तुकडीतील सारा हाऊ यांना २०१५ चा तोच पुरस्कार मिळालेला होता. तथापि या पुरस्कारांवर आम्ही फार भर देऊ इच्छित नाही. तीस कवींपैकी ज्यांना मोठे पुरस्कार मिळाले नाहीत, त्यांची निवड चुकली असे त्यामुळे ठरत नाही. जे आधीपासून पंगतीत बसले होते त्यांच्यावर, तुम्ही विजेते होऊन दाखवा, अशी अट कोणी घातली नव्हती.

दुसरा आक्षेप अधिक खोल आहे. दहांना निवडणारा उरलेल्यांना नाकारतो. ज्यांनी वर्षानुवर्षे नकार सोसला त्यांच्याच हाती नकाराचा अधिकार येतो, आणि अधिकार माणसाला बदलतो. उद्या हीच मंडळी नवा वशिला निर्माण करणार नाहीत कशावरून? आमच्या मते वशिला आणि न्याय यांतील भेद ओळखण्यास दोन खुणा उपयोगी पडतात. पहिली म्हणजे दार सर्वांना दिसेल असे उघडे होते काय. वशिल्याचा दरवाजा मागच्या बाजूला असतो. दुसरी खूण त्याहून महत्त्वाची. ज्याला मिळाले तो जन्मभर देणाऱ्याचा मिंधा राहतो, की स्वतः देणारा होतो? वशिल्यात पळी एकाच हातात राहते. 'टेन' मालिकेची पुढची दोन संकलने २०१४ आणि २०१७ साली निघाली. त्यांच्या संपादक कॅरेन मॅकार्थी वुल्फ होत्या, आणि त्या पहिल्या दहा कवींपैकीच एक होत. सात वर्षांच्या आत वाढून घेणारीच्या हाती पळी आली. आमच्या लेखी या योजनेची खरी कसोटी हीच होती आणि ती उतरली.

तिसरा आक्षेप असा, की वेगळी पंगत मांडणे म्हणजे वेगळेपणावर शिक्कामोर्तब करणे होय. यात तथ्य आहे. काळ्या कवींचे संकलन एकदा निघाले की इतर संकलने जबाबदारीतून मोकळी झाली, असे समजणारे संपादक सर्वत्र असतात. म्हणून वेगळी पंगत कायमची असू नये. तीन तुकड्या आणि तीन संकलने यांनंतर ती मालिका थांबली. मांडणारे शहाणे असले तर पंगत कधी उठवायची हेही त्यांना ठाऊक असते.

एव्हरिस्टो यांना स्वतःला काय मिळाले, हेही पाहणे उद्बोधक आहे. २०१९ साली 'गर्ल, वुमन, अदर' या कादंबरीसाठी त्यांना बुकर पारितोषिक मिळाले. तेव्हा त्या साठ वर्षांच्या होत्या. बुकर मिळविणारी ही पहिली काळी स्त्री. परंतु त्या वर्षी परीक्षकांनी पारितोषिक एकालाच द्यावे हा नियम मोडला आणि ते मार्गारेट ॲटवुड यांच्याबरोबर विभागून दिले. पन्नास हजार पौंडांचे दोन भाग झाले. पहिल्यांदाच हा मान मिळताना तो अर्धा का व्हावा, असे पुष्कळांना वाटले, आणि ते गैर नव्हते. एव्हरिस्टो यांनी मात्र तो आनंदाने स्वीकारला. २०२१ साली पेंग्विनतर्फे 'ब्लॅक ब्रिटन : रायटिंग बॅक' ही मालिका त्यांनी संपादित केली आणि विस्मरणात गेलेली इतरांची पुस्तके पुन्हा छापवून घेतली. सी. एल. आर. जेम्स यांची १९३६ ची 'मिंटी ॲली' ही कादंबरी त्यांपैकी एक. २०२५ साली विमेन्स प्राइझ संस्थेकडून एक लाख पौंडांचा विशेष गौरव मिळाला, तेव्हा ती रक्कम इतर लेखिकांसाठी खर्च करण्याचे त्यांनी जाहीर केले.

अर्थात प्रत्येक लेखकाने संपादक व्हावे असा आमचा आग्रह नाही. लेखकाचे पहिले कर्तव्य चांगले लिहिणे हेच होय, आणि एकांतात बसून लिहिणाऱ्याला स्वार्थी म्हणणे अन्यायाचे ठरेल. पण निवडण्याचे काम ज्याच्याकडे आले, त्याला तटस्थतेची ढाल पुढे करून सुटता येत नाही. आपल्या घराघरांतही अशा याद्या रोज होतात. स्नेहसंमेलनात कोणाचे मूल बोलणार, गायनवृंदात कोण पुढे उभे राहणार, समितीवर कोणाचे नाव सुचवायचे, हे ठरविताना आपण चांगल्यांतून चांगले निवडले असे मनापासून मानतो. तरी यादी पुरी करण्यापूर्वी एकवार उठावे, पंगतीच्या टोकापर्यंत चालत जावे, आणि तेथे कोण बसले आहे ते पाहून यावे. नंतर निवड तीच राहिली तर राहो. निदान ती पाहून केलेली असेल.